वेगळ्या आकाराच्या पंखाने लिफ्ट वाढते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : १.२ मीटर स्पॅनचं (पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर) आणि साधारण १.२ किलो वजनाचं रेडिओ-नियंत्रित विमानाचं मॉडेल बनवायचं आहे. नेहमीचा सरळ पंख नको. बॉक्स विंग (एकावर एक दोन पंख, टोकांना उभ्या जोडांनी बंद), रिंग विंग (वर्तुळाकार पंख) किंवा डेल्टा (त्रिकोणी पंख) यांपैकी काहीतरी करायचं आहे. बॉक्स विंग ‘४६ टक्के जास्त कार्यक्षम’ असते असं वाचनात आलंय. मग लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारं बळ, तेही ४६ टक्के वाढेल का, आणि या तिघांत सगळ्यात जास्त लिफ्ट कोणाची?

नाही, लिफ्ट वाढणार नाही. सरळ, एका उंचीवर उडणाऱ्या विमानाची लिफ्ट त्याच्या वजनाइतकीच असते. तुमच्या १.२ किलोसाठी ती ११.८ न्यूटन, पंख कुठलाही लावा. पंखाच्या आकाराने बदलतं ते हे की हे ११.८ न्यूटन किती वेगाला मिळतात, नाक किती वर धरावं लागतं आणि त्यापायी ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे ओढणारा विरोध, किती सोसावा लागतो. म्हणून ‘कोणाची लिफ्ट जास्त’ हा प्रश्न तसाच सोडवायला घेतला तर उत्तर कधीच सापडत नाही. तो ‘काय समान ठेवून तुलना करायची’ असा विचारला की सुटतो. समान स्पॅन? समान क्षेत्रफळ? समान वजन? की पंखाच्या मुळाशी येणारा समान वाकवणारा ताण? विचित्र पंखांबद्दलचे बहुतेक दावे खरेच असतात, पण यांपैकी एकच गोष्ट समान धरून केलेले असतात, आणि ती कोणती हे मथळ्यात लिहिलेलं नसतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण साध्या, सपाट पंखाचंच आहे. स्पॅन ठरलेला असेल तर लिफ्टची लंबवर्तुळाकार वाटणी सर्वांत कमी इंड्यूस्ड ड्रॅग (लिफ्ट मिळवण्याची किंमत म्हणून येणारा ड्रॅग) देते, हे जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटलच्या सिद्धांतातून आपण शिकतो. त्याच प्रांटलने १९३३ मध्ये स्पॅनची अट काढून पंखाच्या सांगाड्याचं वजन समान ठेवलं. तेव्हा उत्तर बदललं : टोकांकडे लिफ्ट घंटेच्या आकाराने कमी करत नेली आणि स्पॅन साधारण २२ टक्के वाढवला, तर ड्रॅग ११ टक्क्यांनी कमी होतो. हवा तीच आणि गणितही तेच, बदलली ती फक्त अट.

आता तुमच्या मॉडेलचे आकडे. लिफ्टचं सूत्र : लिफ्ट = ½ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × क्षेत्रफळ × लिफ्ट गुणांक (पंख क्षेत्रफळाच्या मानाने किती लिफ्ट काढतो ते सांगणारा आकडा). घनता १.२२५ आणि वेग १० मीटर प्रतिसेकंद धरला तर पहिल्या तिघांचा गुणाकार, म्हणजे गतिज दाब, ६१.२५ पास्कल येतो. स्पॅन १.२ मीटर, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २५ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.३० चौरस मीटर आणि अस्पेक्ट रेशो (स्पॅन भागिले कॉर्ड) ४.८. मग लागणारा लिफ्ट गुणांक ०.६४. साध्या सरळ पंखाला हे आरामात जमतं. हे आपलं तुलनेचं माप, पुढचं सगळं याच्याशी ताडून बघू.

बॉक्स विंगवर जरा जास्त वेळ घालवतो, कारण तुमचा सगळा प्रश्न त्या ४६ टक्क्यांवर उभा आहे. हा आकडा खोटा नाही. प्रांटलने १९२४ मध्येच दाखवलं होतं की दिलेल्या स्पॅन आणि उंचीच्या चौकटीत सर्वांत कमी इंड्यूस्ड ड्रॅग बंद चौकोनाला मिळतो. उंची स्पॅनच्या २० टक्के असेल तर स्पॅन-कार्यक्षमता १.४६ येते, म्हणजे त्याच स्पॅनच्या आदर्श सपाट पंखाचा इंड्यूस्ड ड्रॅग १.४६ ने भागला जातो. त्याच उंचीच्या साध्या बायप्लेनची (एकावर एक दोन सुटे पंख) १.३६. म्हणजे उभे जोड लावून चौकोन बंद करण्याचा वाटा लोकांना वाटतो तितका मोठा नाही, बराचसा फायदा दोन पंख एकमेकांपासून दूर ठेवण्यातच आहे. कारण सरळ आहे. पंख हवा खाली ढकलून लिफ्ट मिळवतो. जास्त हवा हळूच ढकलली तर वाया जाणारी ऊर्जा कमी, आणि उंच चौकोन त्याच स्पॅनमध्ये जास्त हवेला हात घालतो.

पण १.४६ हा भागाकार फक्त इंड्यूस्ड ड्रॅगला लागतो. तुमच्या आकड्यांनी करून बघा. आदर्श सपाट पंखाचा इंड्यूस्ड ड्रॅग म्हणजे वजनाचा वर्ग भागिले (π × गतिज दाब × स्पॅनचा वर्ग). येतो ०.५० न्यूटन. १.४६ ने भागला की ०.३४. वाचले ०.१६ न्यूटन.

आता खर्चाची बाजू. तेवढंच क्षेत्रफळ दोन पंखांत वाटलं, तर प्रत्येकाची कॉर्ड २५ वरून १२.५ सेंटिमीटर होते. रेनॉल्ड्स आकडा (वेग आणि कॉर्ड यांच्या प्रमाणात बदलतो; तो जितका लहान तितका हवेचा चिकटपणा जास्त जाणवतो) १,७०,००० च्या आसपास होता, तो ८५,००० वर येतो. मॉडेलच्या जगात ही फार वाईट घसरण आहे. १ लाखाच्या खाली बहुतेक एअरफॉइलवर (पंखाच्या छेदाचा आकार) हवेचा थर पृष्ठभागापासून सुटतो, कधी परत चिकटतो, कधी चिकटतच नाही. पंखाचा प्रोफाइल ड्रॅग (घर्षण आणि आकार यांमुळे होणारा) गुणांक ०.०१५ वरून ०.०२२ झाला असं धरू. हा अंदाज आहे, एअरफॉइलप्रमाणे बदलेल, पण उगाच फुगवलेला नाही. ड्रॅग ०.२८ वरून ०.४० न्यूटन. शिवाय २४ सेंटिमीटर उंचीचे दोन उभे जोड, त्यांचे आणखी ०.०८. म्हणजे खर्च ०.२१ न्यूटन, बचत ०.१६. या वेगाला तुमची बॉक्स विंग साध्या पंखापेक्षा जास्त ड्रॅग करते.

वेग कमी केला तर इंड्यूस्ड ड्रॅगचा वाटा वाढतो, मग तिथे तरी फायदा व्हावा? कागदावर होतो. ७ मीटर प्रतिसेकंदाला बचत दुप्पट होते. पण त्या वेगाला लागणारा लिफ्ट गुणांक १.३ च्या वर जातो आणि रेनॉल्ड्स आकडा ६०,००० उरतो. १२ सेंटिमीटरची कॉर्ड तिथे तेवढा गुणांक देणार नाही, त्याआधीच स्टॉल होईल, म्हणजे हवा पंखापासून सुटून लिफ्ट कोसळेल.

आणि हेच १.४६ सपाट पंखातून मिळवायचं असेल तर स्पॅन त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.२१ पट वाढवायचा. १.२ मीटरचा १.४५ मीटर. दोन्ही बाजूंना साडेबारा सेंटिमीटर फोम जास्त, बस. मोठ्या विमानांना विमानतळावरच्या जागेची मर्यादा असते, म्हणून त्यांच्यासाठी बॉक्स विंगचा विचार होत राहतो. तुमच्यावर ती मर्यादा नाही.

लिफ्टच्या बाबतीत बॉक्स विंग एक गोष्ट खरोखर देते : कोनागणिक लिफ्ट थोडी जास्त वाढते. अस्पेक्ट रेशो ४.८ चा पंख जणू ७ चा असल्यासारखा वागतो, त्यामुळे त्याच कोनाला लिफ्ट साधारण १० टक्के जास्त. ४६ टक्क्यांतून लिफ्टच्या वाट्याला येतं ते एवढंच, आणि तेही स्टॉलपर्यंतच. कमाल लिफ्ट यातून वाढत नाही, अरुंद कॉर्डमुळे उलट घटते.

एवढं वाचूनही बॉक्सच करायची असेल, आणि दिसायला ती सुंदर असते हे मान्य, तर काही गोष्टी पाळा. कॉर्ड १५ सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका, क्षेत्रफळ वाढलं तरी चालेल. पुढचा पंख मागे झुकलेला, मागचा पुढे झुकलेला अशी रचना असेल, तर मागचा पंख पुढच्याने खाली ढकललेल्या हवेत उडतो हे लक्षात ठेवा. दोघांचं क्षेत्रफळ सारखं म्हणून सीजी (गुरुत्वमध्य) बरोबर मध्यावर ठेवायचा, ही सर्रास होणारी चूक आहे. मागच्या पंखाचा स्थिरतेतला वाटा कमी पडतो, त्यामुळे न्यूट्रल पॉइंट (विमान स्थिर राहायला सीजी ज्याच्या पुढे असावा लागतो तो बिंदू) मध्याच्या पुढे सरकतो आणि मध्यावर सीजी ठेवलेलं मॉडेल हातातून सुटताच नाक वर करून कोसळतं. न्यूट्रल पॉइंट एक्सएफएलआर५ किंवा एव्हीएल या संगणक-प्रोग्रॅममध्ये काढा, आणि पहिल्या उड्डाणाला सीजी त्याच्या ३ ते ४ सेंटिमीटर पुढे ठेवा. पुढच्या पंखाला मागच्यापेक्षा साधारण २ अंश जास्त कोन द्या, म्हणजे पुढचा पंख आधी स्टॉल होईल आणि नाक आपोआप खाली येईल. टोकांचे जोड नुसत्या गोंदावर सोडू नका. तिथे वाकवणारा ताण येतो. जोड लवचिक राहिला तर मागचा पंख वेगात पीळ खायला लागतो. कोपऱ्यातून कार्बनचा रॉड वळवता येत नसेल तर प्लायवूडचा त्रिकोण आतून बसवा.

रिंग विंगचं प्रकरण लवकर आटोपतं. त्याच व्यासाच्या सपाट पंखापेक्षा पूर्ण वर्तुळाचा इंड्यूस्ड ड्रॅग निम्मा असतो, हे सिद्ध झालेलं आहे. पण वर्तुळाचा परीघ व्यासाच्या ३.१४ पट, आणि दोन्ही बाजूंचे उभे भाग लिफ्टला काहीच देत नाहीत, घर्षण मात्र सगळा परीघ करतो. निम्मा इंड्यूस्ड ड्रॅग सपाट पंखाला १.४१ पट स्पॅनमध्ये मिळतो. फ्रान्सचं स्नेक्मा कोलिओप्तेर हे १९५९ मधलं रिंग विंगचं खरंखुरं विमान शेपटीवर उभं राहून उडायचं, आणि उभ्या उड्डाणातून आडव्यात येतानाच्या एका चाचणीत ते कोसळलं. मॉडेल म्हणून गंमत आहे. फक्त रिंग घरंगळायला मागेपुढे बघत नाही, तिला आडवं स्थिर ठेवायला सीजी वर्तुळाच्या मध्याच्या बराच खाली हवा.

डेल्टाची गोष्ट अगदी निराळी आहे, कारण तिथे लिफ्ट तयार होण्याची पद्धतच बदलते. नेहमीच्या पंखावर आपली सगळी धडपड हवा पृष्ठभागाला चिकटून राहावी अशी असते. खूप मागे झुकलेल्या, धारदार कडेच्या डेल्टावर हवा पुढच्या कडेलाच सुटते, आणि सुटू द्यायचीच असते. ती सुटून पंखाच्या वर दोन्ही बाजूंना शंकूसारखे दोन भोवरे बनतात. त्यांच्या गाभ्यात दाब खूप कमी असतो आणि तो पंखाला वर खेचतो.

याचा हिशोब नासाच्या एडवर्ड पॉलहॅमसने १९६६ मध्ये सोप्या सूत्रात बसवला : लिफ्टचे दोन भाग, एक नेहमीचा आणि एक भोवऱ्यांचा. अस्पेक्ट रेशो १ च्या डेल्टासाठी, म्हणजे पुढची कड ७६ अंश मागे झुकलेली असताना, दोन भागांचे गुणांक साधारण १.३ आणि ३.१४ धरून पाहा. ५ अंशाला भोवऱ्यांची लिफ्ट एकूण लिफ्टच्या सहाव्या भागाच्या आसपास. २० अंशाला ती जवळजवळ निम्मी. एकूण गुणांक २० अंशाला ०.७४ च्या घरात जातो आणि पंख अजून स्टॉल झालेला नसतो. साधा पंख १४-१५ अंशाला हात टेकतो.

ऐकायला हे फुकटचं वाटतं, पण किंमत जबर आहे. भोवरा बनवताना पुढच्या कडेवर जो पुढे ओढणारा जोर मिळाला असता तो जातो. मग बळ जवळपास पंखाला काटकोनात राहतं आणि ड्रॅग म्हणजे लिफ्ट गुणिले कोनाचा टॅन्जन्ट. २० अंशाला ०.७४ लिफ्टमागे ०.२७ ड्रॅग, म्हणजे लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर पावणेतीनच्याही खाली. यात घर्षण धरलेलंच नाही. कॉन्कॉर्ड उतरताना साधारण ११ अंश नाक वर ठेवायचं, आणि पायलटला धावपट्टी दिसावी म्हणून त्याचं नाक खाली झुकवण्याची यंत्रणा करावी लागली, ती यामुळेच. डेल्टाला कमी वेगाला लिफ्ट मिळते, पण कोन आणि इंजिनाचा जोर दोन्ही खर्च करून.

तुमच्या स्पॅनला ६० अंशांचा डेल्टा काय देतो ते बघा. मधली कॉर्ड १.०४ मीटर, क्षेत्रफळ ०.६२ चौरस मीटर, म्हणजे सरळ पंखाच्या दुपटीहून जास्त. १० मीटर प्रतिसेकंदाला लागणारा लिफ्ट गुणांक फक्त ०.३१. लोक म्हणतात डेल्टा मॉडेल तरंगतं. ते भोवऱ्यांमुळे कमी आणि या क्षेत्रफळामुळे जास्त. शिवाय कॉर्ड लांब असल्याने रेनॉल्ड्स आकडा साडेतीन लाखांच्या वर. बॉक्स विंगला जो आजार जडला तो इथे शिवतही नाही. समान स्पॅन धरला तर डेल्टा जिंकतो. समान क्षेत्रफळ धरलं तर त्याच कोनाला सरळ पंखाची लिफ्ट डेल्टाच्या बरीच पुढे असते. अट बदलली की विजेता बदलतो, ते असं.

डेल्टात बिघडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं सीजी. पूर्ण त्रिकोणी पंखाचा एरोडायनॅमिक सेंटर (कोन बदलल्यावर वाढलेली लिफ्ट जिथे लागते तो बिंदू) नाकापासून मधल्या कॉर्डच्या निम्म्यावर येतो, तुमच्या मापात ५२ सेंटिमीटरवर. सीजी ४७ वर ठेवा. हे अंतर सरासरी एरोडायनॅमिक कॉर्डच्या, म्हणजे ६९ सेंटिमीटरच्या, सुमारे ७ टक्के होतं. मोटर मागे लावली तर बॅटरी अगदी नाकात ढकलावी लागते, आणि तरीही वजन पुरत नाही. म्हणून बॅटरीची जागा शेवटी ठरवायची नसते, ती आराखड्यातच धरायची.

दुसरं एलेव्हॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग. शेपूट नाही, म्हणून नाक वर करायला पंखाचीच मागची कड वर उचलावी लागते. कड वर गेली की लिफ्ट आधी कमी होते. स्टिक मागे ओढल्यावर मॉडेल क्षणभर खाली बसतं आणि मग वर येतं. जमिनीपासून एक मीटरवर हा क्षण महागात पडतो. उतरताना उंची थ्रॉटलने सांभाळा आणि वेग स्टिकने. याच कारणाने शुद्ध डेल्टाला फ्लॅप (लिफ्ट वाढवायला मागच्या कडेवर खाली वळणारे भाग) लावता येत नाहीत : फ्लॅप खाली केला की नाक खाली जातं, आणि ते सावरायला मागे शेपूटच नाही. त्यावर उपाय म्हणून काहींनी पुढे छोटे पंख बसवले, जसे राफाल, ग्रिपेन, व्हिगेन या लढाऊ विमानांत दिसतात. तेजसने तो मार्ग घेतला नाही. त्याचा पंख बिनशेपटीचा डेल्टाच आहे, पण विमान मुद्दाम अस्थिर ठेवून संगणकाने सांभाळलेलं आहे. अस्थिर विमानात नाक सांभाळायला कड वर धरून ठेवावी लागत नाही, म्हणून ती लिफ्ट वाचते. जायरो स्टॅबिलायझर लावून मॉडेलमध्येही सीजी थोडा मागे नेता येतो, पण पहिल्या उड्डाणात हा खेळ नको.

कोन फार वाढवला की भोवरा पंखाच्या वरच फुटतो. ६० अंशांच्या डेल्टावर हे ७६ अंशांच्या मानाने खूप लवकर होतं. दोन बाजूंचे भोवरे एकाच वेळी फुटत नाहीत, म्हणून मॉडेल डावी-उजवीकडे डुलायला लागतं. ते डुलणं हीच सूचना समजायची : नाक खाली, थ्रॉटल वर.

एक व्यवहाराची गोष्ट : ६ मिलिमीटरच्या सपाट फोमचा डेल्टा छान उडतो आणि सरळ पंख मात्र त्याच फोमचा केला तर रडतखडत उडतो, याचं कारण आता लक्षात आलं असेल. डेल्टावर हवा सुटणारच असते, म्हणून एअरफॉइलचा आकार फारसा मोजला जात नाही. पुढची कड घासून धारदार करा, गोल केली तर भोवरा उशिरा आणि ढिला बनतो.

मागे झुकलेल्या पंखाबद्दल विचारलं नाहीत, पण वाटेत तो येणारच. जर्मन अभियंता अॅडॉल्फ बुसेमानने १९३५ च्या रोमच्या व्होल्टा परिषदेत तो मांडला, तो पूर्णपणे वेगासाठी. ३५ अंश झुकाव दिला तर माख ०.८५ चा (ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट) प्रवाह पंखाच्या कडेला काटकोनात ०.७० एवढाच जाणवतो. तुमच्या १० मीटर प्रतिसेकंदाला या फायद्याचा काही उपयोग नाही, तोटे मात्र सगळे लागू. कमाल लिफ्ट घटते, हवा टोकांकडे सरकते, टोकं आधी स्टॉल होतात. टोकं मागे असल्यामुळे त्यांची लिफ्ट गेली की नाक खाली जायच्या ऐवजी वर उसळतं. बिनशेपटीच्या मॉडेलला बहुधा झुकाव देतात, कारण नियंत्रणाला मागे थोडा हात मिळतो. तो २० ते २५ अंशांत ठेवा आणि टोकांना मुळापेक्षा ३ अंश कमी कोनाचा पीळ द्या. हा पीळ विसरलेली फ्लाइंग विंग हातातून सोडताच एका बाजूला कोलांटी घेते, आणि दोष मोटरला दिला जातो.

पंख पुढे झुकवला तर उलट होतं : मूळ आधी स्टॉल होतं, टोकांवरचे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारे भाग) शेवटपर्यंत काम करतात. लिफ्टच्या दृष्टीने हे जास्त चांगलं. अडचण बांधणीची. टोक वर वाकलं की त्याचा कोन वाढतो, कोन वाढला की लिफ्ट वाढते, लिफ्टने ते आणखी वाकतं, आणि ठराविक वेगाला पंख तुटतो. १९८४ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या ग्रुमन एक्स-२९ मध्ये कार्बनचे थर अशा दिशेने लावले होते की पंख वाकताना टोक उलटं खाली पिळलं जावं. फोम आणि टेप यांच्या भरवशावर हे जमत नाही.

तिरकी, म्हणजे एक बाजू पुढे आणि एक मागे, अशी फिरणारी विंग नासाच्या एडी-१ ने १९७९ ते १९८२ मध्ये उडवून दाखवली, ६० अंशांपर्यंत. उडतं ते. पण मोठ्या तिरकेपणाला नाक उचलायला गेलं की विमान कलंडतंही, म्हणून चालवायला कटकटीचं.

पुढे छोटा पंख आणि मागे मोठा अशी कॅनार्ड रचना ‘दोन्ही पंख लिफ्ट देतात, शेपूट खाली दाबत नाही’ म्हणून विकली जाते. अर्धं खरं आहे. सुरक्षिततेसाठी पुढचा पंख आधी स्टॉल व्हावाच लागतो. म्हणजे मागचा मोठा पंख त्याच्या कमाल लिफ्टपर्यंत कधी पोचतच नाही, आणि तेवढं क्षेत्रफळ तुम्ही नुसतं वाहून नेता. लहान पंखावर इतकं अवलंबून राहण्याचा धोकाही असतो : बर्ट रुटानने आखलेल्या लाँग-ईझी या छोट्या विमानाच्या सुरुवातीच्या कॅनार्डचं एअरफॉइल पावसाच्या थेंबांनी लिफ्ट गमवायचं आणि नाक खाली जायचं. पुढे जॉन रॉन्झने आखलेल्या एअरफॉइलने ते सुटलं. मॉडेलवर पावसाचा तो बिघाड चिकटपट्टीची एक सुरकुतीही घडवते.

इंजिनाची हवा पंखावरून फुंकून लिफ्ट वाढवणं हा वेगळाच वर्ग आहे, आणि ‘खरंच जास्त लिफ्ट’ हवी असेल तर आकारापेक्षा हाच रस्ता. अँतोनोव्ह एएन-७२ मध्ये जेटचा झोत पंखावरून नेऊन फ्लॅपवर वळवलेला आहे. विलर्ड कस्टरच्या चॅनल विंगमध्ये प्रोपेलर अर्धगोल पन्हाळीतून हवा ओढतो. दोन्हीत लिफ्ट इंजिनावर टांगलेली असते, आणि एका बाजूचं इंजिन बंद पडलं तर त्या बाजूची लिफ्टही गेली. मॉडेलवर सोपी आवृत्ती करता येते : पंखाच्या पुढे चार लहान मोटर, त्यांच्या झोतात फ्लॅप. उतरण्याचा वेग स्पष्ट कमी होतो, फक्त जमिनीला टेकेपर्यंत थ्रॉटल अचानक ओढायचा नाही.

पंखावर पायरी ठेवलेलं क्लाइन-फोगलमन एअरफॉइल सपाट फोमपेक्षा बरं असतं, कारण पंखाला जाडी आणि ताठपणा येतो. नीट आकार दिलेल्या एअरफॉइलसमोर ते ड्रॅगमध्ये हरतं. पुढच्या कडेवर व्हेलच्या परासारखे उंचवटे दिले तर स्टॉल मवाळ होतो, पण सरळ पंखावर त्यामुळे कमाल लिफ्ट बहुधा कमीच होते. दोन्हींना जादू समजू नका.

तेव्हा तुमच्या वजनाला आणि स्पॅनला माझी निवड ५५ ते ६० अंशांचा डेल्टा. रेनॉल्ड्स आकड्याची चिंता नाही, बांधणी एका दिवसाची, आणि बाकी दोघांपेक्षा हवेबद्दल जास्त शिकायला मिळतं. जास्त वेळ हवेत राहायचं हेच ध्येय असेल, तर यांपैकी काहीच नको, १.४५ मीटरचा साधा पंख करा. एक्सएफएलआर५ वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्याची पटल-पद्धत (पंखाचे छोटे तुकडे पाडून हिशोब करणारी) न्यूट्रल पॉइंट आणि इंड्यूस्ड ड्रॅग चांगला सांगते, पण डेल्टाच्या भोवऱ्यांची लिफ्ट तिला दिसत नाही आणि स्टॉलबद्दल तिच्यावर विसंबू नये.

उडवताना क्रम असा ठेवा. आधी मोटर बंद, लांब गवतावर, वाऱ्याच्या तोंडाला, नाक किंचित खाली धरून सरळ फेका. नाक वर उसळलं तर १० ग्रॅम पुढे, धाडकन खाली गेलं तर एलेव्हॉन १ मिलिमीटर वर. ग्लाइड सरळ झाल्याशिवाय मोटर लावू नका. मग किमान ५०-६० मीटर उंचीवर थ्रॉटल हळूहळू कमी करत स्टॉल शोधा. पंखावर चार-पाच सेंटिमीटर लोकरीचे धागे चिकटवून शेपटीच्या जागी छोटा कॅमेरा लावला, तर हवा कुठे सुटते ते डोळ्यांनी दिसतं : सरळ पंखावर धागे उलटे फिरले की स्टॉल, डेल्टावर मात्र ते भोवऱ्याखाली बाहेरच्या बाजूला वळलेले दिसायला हवेत, तिथे तेच बरोबर.

स्टॉलचा वेग जीपीएसने वाऱ्याच्या दिशेला आणि विरुद्ध असा दोन्हीकडून मोजून सरासरी घ्या, आणि कमाल लिफ्ट गुणांक काढा : वजन भागिले (गतिज दाब × क्षेत्रफळ). ७ मीटर प्रतिसेकंदाला ०.३० चौरस मीटरच्या पंखाचा १.३ येईल, ०.६२ च्या डेल्टाचा ०.६३. दोघांचं वजन एक, वेग एक, हवेत दोघंही सारखेच राहिले, आणि गुणांकात दुपटीचा फरक. बॉक्स किंवा रिंगचा आकडा कोणी सांगितला, तर क्षेत्रफळात उभे भाग धरलेत का, आणि दोन्ही पंख धरलेत की एकच, हे आधी विचारा.